‘राउंड’, ‘राट’ आणि रथ

प्रश्न : माझा मुलगा सांगलीत जर्मन भाषा शिकतो. ‘गोल’ या अर्थी इंग्रजीत ‘राउंड’, जर्मनमध्ये ‘रुंट’, फ्रेंचमध्ये ‘रों’ आणि स्पॅनिशमध्ये ‘रेदोन्दो’ असा एकच शब्द कसा काय आढळतो? शिवाय जर्मनमध्ये चाकाला ‘राट’ म्हणतात आणि आमच्याकडे विहिरीवरचा रहाटही बोलताना ‘राट’च होतो. यात काही नाते आहे काय?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : हे चारही शब्द लॅटिनमधील ‘रोटुंडुस’ या विशेषणापासून आलेले आहेत, मात्र ते दोन निरनिराळ्या वाटांनी आले. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या लॅटिनच्याच लेकी असल्यामुळे त्यांना तो वारशाने मिळाला. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘द’ झाला, फ्रेंचमध्ये तो पार झिजून गेला, तर इटालियनने ‘रोतोन्दो’ जवळजवळ जसाच्या तसा राखला.

इंग्रजी आणि जर्मन या वेगळ्या शाखेच्या भाषा असून त्यांनी हा शब्द मध्ययुगात जुन्या फ्रेंचकडून उसना घेतला. त्यापूर्वी गोल वस्तूसाठी जुन्या इंग्रजीत ‘सिनेवेआल्ट’ आणि जर्मनमध्ये ‘सिनवेल’ असे घरचे शब्द होते. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण नव्या वस्तूबरोबर नवा शब्द येतो हे आपण जाणतो. परंतु येथे वस्तूही जुनी होती आणि नावही होते, तरीही 1066 नंतर इंग्लंडच्या दरबारात रुजलेल्या फ्रेंचच्या प्रतिष्ठेपुढे इंग्रजीतील घरचा शब्द तगला नाही. आइसलँडच्या भाषेत मात्र आजही स्वतःचाच ‘क्रिंग्लोत्तुर’ चालतो, आणि रशियनमधील ‘क्रुग्ली’चाही ‘रोटुंडुस’शी संबंध नाही.

आता चाकाकडे वळू. ‘रोटुंडुस’च्या मुळाशी लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक, आहे. जर्मन ‘राट’, लिथुआनियन ‘रातास’ आणि संस्कृत ‘रथ’ हे त्याचे सख्खे भाऊबंद होत. यांपैकी कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. ते एका समान पूर्वज भाषेतून उतरले आहेत. चाकाचा अर्थ वाहनापर्यंत कसा पोहोचला असेल, हे लिथुआनियनमध्ये स्पष्ट दिसते : तेथे ‘रातास’ म्हणजे चाक आणि त्याचे अनेकवचन ‘राताय’ म्हणजे गाडी. ऋषिपंचमीला आपल्या तासगावात भाविक दोर धरून गणपतीचा जो रथ ओढतात, त्याच्या नावातही मुळात चाकच आहे.

रहाट मात्र या कुळातला नव्हे. तो संस्कृत ‘अरघट्ट’, प्राकृत ‘अरहट्ट’ अशा क्रमाने, आरंभीचा ‘अ’ गळून, मराठीत आला. त्यातील ‘अर’ म्हणजे बैलगाडीच्या चाकात आपण आजही ज्याला आरा म्हणतो तोच. उलट जर्मन ‘राट’च्या शेवटी लिहिताना ‘ड’च असतो; शब्दाच्या अखेरीस आल्यामुळे त्याचा उच्चार ‘ट’ होतो, आणि ‘रेडर’ या अनेकवचनात तो पुन्हा ऐकू येतो. आपल्या मुलाला हे रूप उच्चारून दाखवण्यास सांगावे. त्यामुळे हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. मराठी ‘चाक’ मात्र ज्या ‘चक्र’ शब्दापासून आले, त्याचा खरा नातलग इंग्रजी ‘व्हील’ हा आहे.