वाचकांचे प्रश्न : फोमचं पहिलं रेडिओ-विमान

प्रश्न : पंखाचा विस्तार 1 मीटर, रुंदी 20 सेंमी असं विमान 5 मिमी सनबोर्डात बनवलं. मोटर 2212 (आकाराचा क्रमांक), 1000 केव्ही (दर व्होल्टमागे मिनिटाला फेरे). वजन दीड किलोच्या घरात गेलं आणि हातातून सोडलं की सरळ खाली येतं. मोटर मोठी घ्यावी का? (गुहागर)

मोटर बदलू नका, बोर्ड बदला. सनबोर्ड हे दुकानाच्या पाटीचं साहित्य. 5 मिमी जाडीत एका चौरस मीटरचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. त्याच जाडीचं डेप्रॉन (हलकी फोम शीट) साधारण 200 ग्रॅम. तुमच्या मापाच्या विमानाला सगळे भाग धरून अर्धा चौरस मीटर शीट लागते, म्हणजे सव्वा किलो नुसता बोर्डच झाला. डेप्रॉनमध्ये तोच आकडा 100 ग्रॅम. त्यावर मोटर 50 ग्रॅम, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक) 25, नऊ ग्रॅमचे दोन सर्वो (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर 15, पातं (प्रोपेलर) 10, थ्री-एस (तीन सेलची) 1500 एमएएच बॅटरी 130, शिवाय गोंद, टेप, कार्बन नळी मिळून 100. बेरीज साडेचारशेच्या आसपास येते. 600 च्या पुढे जाऊ देऊ नका. 10 बाय 4.5 इंची पातं लावलं की ही मोटर थ्री-एसवर सातशे-आठशे ग्रॅम ओढते, तेवढं पुरे.

कागद चिकटवलेला फोमबोर्डही मिळतो. तो कोकणात टाळाच. पावसाळी हवेत कागद फुगतो, सुटतो आणि पंखाला पीळ पडतो. मासळीच्या पेटीचा थर्माकोल पंखाला कुचकामी, दाणे सुटतात. नाकाच्या टोकाला उशी म्हणून मात्र त्याचा तुकडा छान बसतो.

पंख करताना 20 सेंमी रुंदीच्या शीटवर पुढच्या निम्म्या भागात, म्हणजे 10 सेंमीत, दुसरी पट्टी वरून चिकटवा. पाठीवर पायरी तयार होते. सपाट फळीपेक्षा हा पंख हळू वेगातही बरा उचलतो. दोन थरांमध्ये, पुढच्या कडेपासून 6 सेंमीवर खाच करून 6 मिमी कार्बन नळी बसवा. नळी मधोमध कापून कोन देऊन जोडा. कोन मोजायची सोपी रीत अशी : एक अर्धा पंख टेबलावर सपाट दाबून धरला की दुसऱ्याचं टोक 10 ते 12 सेंमी वर उठलं पाहिजे. एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नसलेलं विमान रडरने (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीने) वळतं ते या कोनाच्या जोरावरच.

प्रश्न : कपाटवाल्या सुतारांचा पिवळा गोंद लावला, फोम विरघळला. पांढरा गोंद तीन दिवसांनीही ओलाच. (दापोली)

पिवळ्या काँटॅक्ट गोंदातलं द्रावण डेप्रॉन खातं. साधा झटपट सुपरग्लू आणि स्प्रेचा रंगही तेच करतात. पांढरा गोंद वाळायला आतलं पाणी हवेत जावं लागतं. दोन्ही बाजूंना फोम आणि वर आपली दमट हवा, मग ते जाणार कुठून? मोठ्या पृष्ठभागांना 'फोम-सेफ' असं लिहिलेला गोंद घ्या आणि आधी फोमच्या टाकाऊ तुकड्यावर लावून बघा. मोटर बसवायच्या प्लायवुडला 30 मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी. ग्लूगन जपून वापरा : वजन वाढतं, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या विमानाचे सांधे मऊ पडून सरकतात.

प्रश्न : मी नववीत आहे. माझं विमान 560 ग्रॅमचं, मापं 1 मीटर बाय 20 सेंमी. सोडलं की नाक वर करतं, थांबतं आणि शेपटीवर पडतं. पंखाखाली बोटं धरली तर पुढच्या कडेपासून 8 सेंमीवर तोलतं. दोन्ही सर्वो शेपटीजवळ लावलेत. (मालवण)

तोल मोजून पाठवलास, त्यामुळे उत्तर सोपं झालं. तोलाची जागा पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवी, म्हणजे तुझ्याकडे 5 ते 6 सेंमीवर. तुझी 40 टक्क्यांवर आहे. असं विमान कुणाच्याच हातात राहत नाही, तेव्हा रिमोटच्या स्टिकला दोष देऊ नकोस.

5 सेंमीवर आणायचं तर तोल 3 सेंमी पुढे सरकवायचा आहे. 560 गुणिले 3 म्हणजे 1680. ही भरपाई वजन गुणिले अंतर अशी करायची. दोन सर्वो मिळून 18 ग्रॅम. ते शेपटीजवळून काढून पंखाखाली, 40 सेंमी पुढे आण : 720 झाले. उरले 960. तुझी बॅटरी 130 ग्रॅमची असेल तर ती साडेसात सेंमी पुढे सरकव, हिशेब मिटला. सर्वोपासून शेपटीपर्यंत लांब तार जाईल. ती वाकू नये म्हणून मध्ये दोन जागी स्ट्रॉचे तुकडे चिकटवून त्यांतून ओव. नाकात शिसं भरायचा मोह शेवटपर्यंत टाळ. शेपटीवर गोंद, टेप, रंग कमी लाव. शेपटीतला 1 ग्रॅम नाकात तीनेक ग्रॅम मागतो.

मग मोटर बंद ठेवून गवतावर सोडून बघ. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, भाल्यासारखं सरळ, जोर न लावता. दहा-बारा मीटर तरंगत गेलं की तोल जमला. तरंगताना छान, पण मोटर चालू करताच नाक वर करत असेल, तर दोष मोटरच्या रोखाचा. मोटर पुढे 2 ते 3 अंश खाली आणि तेवढीच उजवीकडे झुकलेली हवी; प्लायमागे वॉशर घालून कर. एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीची) हालचाल वर-खाली 12 मिमीपेक्षा जास्त ठेवू नकोस.

आणखी एक : रडरची वायर रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलला लाव, म्हणजे उजव्या स्टिकनेच वळवणं आणि चढवणं दोन्ही होतं. विमानामागे उभं राहून तपास. स्टिक उजवीकडे, रडर उजवीकडे; स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. हे सगळं पातं काढून.

प्रश्न : मोटर उलटी फिरते. (चिपळूण)

ईएससीकडून येणाऱ्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. बॅटरीच्या तारा मात्र कधीही उलट जोडू नका, ईएससी जळेल. पात्यावरचे आकडे पुढच्या बाजूला दिसले पाहिजेत.

प्रश्न : उडवायला सडा बरा की किनारा? (रत्नागिरी)

पावसाळ्यानंतर सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) गवत उभं असेपर्यंत सडा बरा. गवत वाळून जांभा उघडा पडला की फोमचं पोट प्रत्येक उतरण्याला सोललं जातं. पोटाखाली रुंद पॅकिंग टेपचे दोन थर लावा. कातळशिल्पांच्या जवळपास मात्र विमान उतरवू नका आणि पायही ठेवू नका.

किनाऱ्यावर वाळू मऊ, पण वाऱ्याचं गणित समजून घ्या. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ऊन चढल्यावर खारे वारे उलट सुरू होतात. मधला शांत वेळ पहिल्या उड्डाणासाठी : हिवाळ्यात सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंत. मतलई चालू असताना मोटर बंद पडली तर विमान समुद्राकडे वाहून जातं. खारे वारे लागले की सुरूच्या बनात. सुरूच्या आणि माडांच्या आडोशाला वारा गोल फिरतो, तिथून शंभर मीटर तरी दूर राहा. ओहोटीची वेळ पाहून जा.

मिरजोळ्याच्या विमानतळाजवळ, तसंच सिंधुदुर्गात चिपीजवळ, उडवायचं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी बघा.

प्रश्न : विमान लाटेत पडलं. काय वाचेल? (मुरूड)

आधी बॅटरीची जोडणी काढा. ईएससी, सर्वो, रिसीव्हर गोड्या पाण्यात बुडवून हलवा, मीठ निघालं पाहिजे. मग दोन दिवस सावलीत पंख्याखाली वाळवा. मोटर धुऊन वाळली की बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. सर्वो हाताने फिरवताना करकर लागली तर आत वाळू आहे, टाकून द्या. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी परत चार्ज करू नका, ती घरातही ठेवू नका.