कन्फेशनची वेळ कोणाच्या सोयीची?

प्रिय फादर,

(तुला फादर म्हणायला जीभ अजून वळत नाही, पण पत्रात तेच शोभतं.)

शनिवारी साडेपाच ते सहा तू लोकांचं कन्फेशन, म्हणजे पापनिवेदन, ऐकायला चर्चमध्ये एकटाच बसून असतोस, कुणी फिरकत नाही. म्हणून ती वेळ पुसून फलकावर ‘पापनिवेदनासाठी फोन करावा’ असं लिहायचं तुझ्या मनात आहे. तसं करू नकोस. नंबर दे, पण वेळेच्या जागी नको. पाड्यावरच्या घरात बहुधा एकच मोबाइल, आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. त्या बाईने काय सांगून तो मागायचा? शिवाय फोन केला की ती कोण हे कळलंच. जाळीआड बसून बोलायची मुभा तिला चर्चने दिली आहे, ती तुझ्या सोयीपायी जायला नको.

कॅनन 986, म्हणजे चर्चच्या कायद्याचं ते कलम, फादर होण्याआधी सेमिनरीत परीक्षेपुरतं वाचलं असशील, आता पुन्हा वाच. 1983 च्या संहितेत स्पष्ट आहे: लोकांनी रास्तपणे मागितलं की ऐकण्याची व्यवस्था करायची, आणि व्यक्तिगत निवेदनासाठी त्यांच्या सोयीचे दिवस आणि तास ठरवून द्यायचे. त्यांच्या सोयीचे, आपल्या नव्हे. पुढे 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून आग्रहाने सुचवलं, की जाहीर केलेल्या वेळी धर्मगुरू त्या जागी लोकांना दिसावा आणि मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, आधीही उपलब्ध असावा.

शनिवार संध्याकाळ ही मुंबई-वसईकडची वेळ, तू ती तिकडून जशीच्या तशी उचललीस. तुझी माणसं तालुक्याला उतरतात आठवडे बाजाराच्या दिवशी. काळीपिवळीत कोंबून येतात आणि दुपार कलली की परत डोंगराला लागतात. साडेपाचला तुझ्यासाठी कोण थांबणार? बाजाराच्या दिवशी अकरा ते एक बस. तेला-मिठाच्या पिशव्या दारात टेकवून येतील. भुसावळसारख्या गावाचं गणित निराळं. तिथे रेल्वेच्या ड्यूटीवर सगळं ठरतं, म्हणून सकाळच्या मिस्सेआधीचा अर्धा तास बरा.

याहून मोठी अडचण पंचांगाची आहे. आपण सगळा जोर ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळावर देतो, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पण दिवाळी झाली की सातपुड्यातले कितीतरी पाडे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. होळीला काहीजण येऊन जातात, बाकीचे हंगाम संपल्यावर. मग तू पवित्र सप्ताहात, ईस्टरआधीच्या त्या शेवटच्या आठवड्यात, मोकळ्या बाकांकडे बघून म्हणणार, लोकांची श्रद्धा आटली! कॅनन 989 वर्षातून निदान एकदा गंभीर पापं कबूल करायला सांगतो. कोणत्या महिन्यात, ते सांगत नाही. तेव्हा दिवाळीआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, पाड्यापाड्यावर जाऊन बस. नंतर मे महिन्यात, पेरणीची घाई लागायच्या आत, पुन्हा जा.

एकदम गर्दी उसळली म्हणून एकेकाचं न ऐकता सगळ्यांना सामूहिक पापक्षमा देऊन मोकळं व्हायचा मोह होईल. मोठ्या सणाची नुसती गर्दी हे त्याला कारण होत नाही, कॅनन 961 मध्ये ते लिहिलंच आहे.

भाषेचं विसरू नकोस. पावरी किंवा भिली येत नसेल तर दुभाषा चालतो, गुप्तता त्यालाही बंधनकारक आहे. पण पाड्यावर दुभाषा म्हणजे कुणाचा तरी चुलता किंवा मेव्हणा. त्याच्यासमोर कोण काय बोलेल? तेव्हा भाषा शीक. निदान ऐकून समजेल एवढी.

जागेकडेही बघ. रांगेचा बाक कन्फेशनच्या पेटीला चिकटून ठेवलाय, तो भिंतीपर्यंत मागे सरकव. टेबलफॅन त्या बाकाच्या बाजूला लाव; उन्हाळ्यात वारा मिळतो आणि त्याच्या घरघरीत आतलं बोलणंही बाहेर ऐकू येत नाही. वीज गेली की मात्र चर्च एवढं शांत होतं की कुजबुजही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते. अशा वेळी दोन खुर्च्या घेऊन आवारातल्या कडुलिंबाखाली जा. पेटीबाहेर ऐकायला तेवढं कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट तुझ्या हातातली नाही. तू त्यांच्या घरी जेवतोस, त्यांच्या पोरांच्या फी माफीच्या अर्जावर सही करतोस. काहीजण तुझ्याकडे कधीच येणार नाहीत, तू कितीही चांगला असलास तरी. याचं वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरा फादर आण. आपल्या नाशिक धर्मप्रांतात धुळे, जळगाव, नंदुरबार सगळं येतं, आणि बिशपांनी दिलेला कन्फेशन ऐकण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, वेशीपाशी संपत नाही. शेजारच्या फादरशी अदलाबदल ठरव: एका बाजाराला तो तुझ्याकडे, पुढच्याला तू त्याच्याकडे.

सुरुवातीला मीच येतो. दिवाळीआधीचा बाजाराचा दिवस कळव. रविवारच्या मिस्सेत सांग, बाहेरचे म्हातारे फादर येणार आहेत, त्यांना कमी दिसतं. ते खरंही आहे. खुर्ची मात्र हाताची ठेव, गुडघे साथ देत नाहीत.

तुझा,
जुना फादर