दोन ध्वजवंदने आणि जमैकाच्या दोन सुट्ट्या

प्रश्न : आमच्या शाळेत १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला असे दोनदा झेंडावंदन होते. जमैकातही १ आणि ६ ऑगस्ट अशा दोन सुट्ट्या असतात, असे वाचनात आले. तेथेही आपल्यासारखेच घडले होते काय?
– एक शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : नाही, साम्य तारखांच्या संख्येपुरतेच आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यापर्यंत देशाचे स्वातंत्र्य पोचायला तेरा महिने लागले. जुनी माणसे जिला अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात ती कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपले दोन्ही दिवस एकाच स्वातंत्र्याचे आहेत.

पूर्वी ब्रिटिशांची वसाहत असलेल्या जमैकात १ ऑगस्ट हा गुलामांच्या सुटकेचा दिवस, तर ६ ऑगस्ट हा देशाच्या स्वातंत्र्याचा. पहिला १८३४ सालचा, दुसरा १९६२ सालचा. त्यातही १८३४ ची सुटका बरीचशी कागदावरच राहिली, कारण सहा वर्षांवरील गुलामांना ‘उमेदवार’ (म्हणजे शिकाऊ कामगार) ठरवून, आठवड्याचे चाळीस तास किंवा त्याहून अधिक काळ, जुन्याच मालकाच्या मळ्यात बिनमजुरीने राबवण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. ही उमेदवारी १८३८ मध्ये संपली. ब्रिटिश सरकारने आपल्या वसाहतींसाठी २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, पण ती मालकांना! राबलेल्यांच्या हातावर दमडीही पडली नाही. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब २०१५ मध्ये मिटला. गंमत म्हणजे स्वातंत्र्य मिळताच १ ऑगस्टची सुट्टी रद्द झाली आणि ती १९९७ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली.

आपल्याकडे वेठ संपल्याचा मात्र असा दिवसच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांवरील कर्जही रद्द ठरवले. पण त्यासाठी झेंडा कोठे चढत नाही. माझ्या मते, मुलांना १७ सप्टेंबर शिकवताना हेही सांगावे. दसऱ्यानंतर बीड-जालन्याकडून ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीत मिळून ‘एक कोयता’ म्हणून मांडले जातात, आणि हंगामात फिटली नाही तेवढी उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, पुढच्या हंगामावर चढते.