वस्तीवरच्या पारधी बायका गरोदरपणात टीडीचं (धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धच्या लसीचं) इंजेक्शन टाळतात. हे अज्ञान, की भेदभावाचा परिणाम?

मी सोलापूर भागात उपकेंद्रावर नर्स आहे. तुम्ही नव्याने आशाताई झालात आणि पहिल्याच महिन्यात हा प्रश्न पडला, याचं मला खरंच बरं वाटलं. माझं उत्तर: अज्ञान थोडं, वागणूक फार.

धनुर्वात त्यांना माहीत असतो. पायात खिळा गेला की याच बायका स्वतःहून इंजेक्शन मागायला येतात. गरोदरपणात मात्र नोंदणी येते, आधार येतं, "नवरा काय करतो?" येतं. इंग्रजांच्या कायद्याने यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलीस अजूनही आधी यांच्याच पालावर येतात. वही घेऊन नाव विचारणारं माणूस दिसलं की बाई आत का जाते, हे यावरून समजून घ्या.

त्यात पहिल्या बाळंतपणाचा अनुभव. आमच्याकडच्या एकीला कळा सुरू असताना दवाखान्यात "आधी अंघोळ करून ये" असं सगळ्यांदेखत ऐकवलं. दुसऱ्या खेपेला ती कार्ड काढायलाच आली नाही. रजिस्टरमध्ये शेरा पडला 'नकार'. लसीबद्दल तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! असे कितीतरी 'नकार' खरं तर आपण वस्तीपर्यंत न पोचल्याचे असतात. लसीकरणाचं सत्र गावातल्या अंगणवाडीत, आणि तिथे या बायकांना बसायला कुणी जागा करून देत नाही.

सासवा विचारतात, "या सुईनं पुढं पोर राहील ना?" आणीबाणीतली सक्तीची नसबंदी जुन्या माणसांच्या लक्षात आहे, आणि आजही बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून "आता ऑपरेशन करून टाक" म्हणणारे आहेत. ही शंका मला वेडगळ वाटत नाही. म्हणून इंजेक्शनच्या दिवशी ऑपरेशनचा विषय काढूच नका.

सांगायचं ते सरळ सांगा: आईने घेतलेल्या लसीचं संरक्षण पोटातल्या बाळाला मिळतं. चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. मागच्या गरोदरपणात दोन्ही झाले असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील, तर एकच बूस्टर. बाळंतपणातला आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं, ते गरोदर आईला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे.

आणि सिस्टरांना पालावर घेऊन या. आधी सासूशी बोला, कागद नंतर. आधार नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नका.