अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट काढलं तर मुलावर शिक्का बसेल का?

माझ्याकडे येणारे बरेच पालक हे विचारतात. भांडुपच्या एका ताईंनी तर खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. चार घरी पोळ्या करतात, मुलगा सातवीत, शाळेने सांगितलेलं की याला एलडी वाटतंय, म्हणजे अध्ययन अक्षमता, बुद्धी चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात अडणं, तपासून घ्या नाहीतर दुसरी शाळा बघा. घरी नवरा म्हणतो आपलं पोर काय वेडं आहे का, सासूबाईंना आत्तापासून लग्नाची काळजी.

मी पोराची वही मागितली. एकाच पानावर 'पाऊस' तीन प्रकारे लिहिलेला, खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं आणि खाली लाल पेनाने 'आळशीपणा सोड'. वही मिटून तोच धडा तोंडी विचारला तर गडी धडाधड सगळं सांगत सुटला, वर मलाच विचारतो मॅडम ढग काळे का दिसतात सांगा.

ताईंना ते पान परत दाखवलं. म्हटलं शिक्का तर कधीचा बसलाय ना ताई, ढ, आळशी, मुद्दाम करतो, आणि त्याच्या बदल्यात पोराला मिळतंय काय? सर्टिफिकेट असेल तर पेपरला जास्तीचा वेळ मिळतो, लागला तर लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका धरत नाहीत, दहावी बोर्डालासुद्धा. त्याची बुद्धी चांगलीच आहे, अडतंय ते अक्षरांपाशी. आणि कागद कोणाला दाखवायचा ते तुमच्या हातात.

यात कोणाची मेहेरबानी नाहीये हे पण सांगितलं. 1995 च्या अपंग कायद्यात एलडीचं नावच नव्हतं, 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले त्यात एलडी पण आहे. आणि आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, आठवी होईपर्यंत शाळेला मुलाला काढता येत नाही. हे ऐकून ताई पहिल्यांदा जोरात बोलल्या, "मग मला दुसरी शाळा बघा का म्हणाले?"

खरी दमछाक त्यानंतर. मुंबईत सायन, नायर, केईएम अशा मोठ्या हॉस्पिटलांतच सर्टिफिकेटचं काम होतं, आधी डोळे, कान, मग बुद्ध्यांक, मग स्पेशल एज्युकेटरची, म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या खास शिक्षकांची टेस्ट, तारखा वेगवेगळ्या आणि प्रत्येक तारखेला ताईंचा खाडा, पैसे कापले जाणार ते वेगळेच. ज्याला भरपगारी रजा मिळते त्याच्या मुलाला हक्क मिळतो आणि पोळ्या करणारीचं पोर आळशी ठरून शाळा सोडतं, हे मला अजिबात पटत नाही, म्हणून नुसतं समजावून मी थांबत नाही. आमची सोशल वर्कर सोबत गेली, तिथल्या समाजसेवा विभागात बोलून दोन तपासण्या एका दिवसात बसवल्या.

सर्टिफिकेट आलंय, शाळेला कायद्याचा उल्लेख करून पत्र दिलंय, वर्गशिक्षिका आता त्याची तोंडी परीक्षा पण घेतात. वडिलांना अजून पटलेलं नाही, त्यांची शिफ्ट सुटल्यावर या शनिवारी त्यांना एकट्यांना बोलावलंय.