आधी दगड, मग गोष्ट

पोरी,

जपानमधल्या ताकेदा किल्ल्याचं साल १४४३ धरायचं की १५८५ नंतरचं, यावर प्रकरण अडलंय म्हणतेस. आणि खाली विचारतेस, ‘दोन्ही देऊन मोकळी होऊ का?’ मोकळी होऊ नकोस. तुझ्या प्रबंधाचा जीवच त्या प्रश्नात आहे.

आधी दगड, मग गोष्ट. यामाना सोझेन या सरदाराने १४४१ ते १४४३ मध्ये किल्ला उभारला, ही परंपरेने आलेली गोष्ट. त्या काळचा डोंगरी किल्ला म्हणजे मातीचे बांध, चर, लाकडी कुंपण. आज साडेतीनशे मीटर उंचीच्या माथ्यावर दक्षिणोत्तर चारशे मीटर पसरलेला दगडी तट दिसतो, तो सोळाव्या शतकाच्या अखेरचा, १५८५ मध्ये आलेला शेवटचा किल्लेदार आकामात्सु हिरोहिदे याच्या काळातला. दगड फारसे घडवलेले नाहीत, सांध्यात चुना नाही, पाठीमागे बारीक दगडांची भर, म्हणजे पावसाचं पाणी तटावर जोर न करता निचरून जातं. बिवा सरोवराकाठच्या आनो पाथरवटांची ही पद्धत. कोपरे बघ: एक लांब दगड या अंगाला, त्यावरचा त्या अंगाला. एवढं नीट पाहिलंस की हा तट सोझेनच्या नावावर घालायला हात धजणार नाही.

माझा धजला होता. मी शरदातल्या एका पहाटे समोरच्या डोंगरावरून मारुयामा नदीच्या धुक्यात तरंगणारा किल्ला पाहिला, डोळे भरून आले, आणि गाडी गाठायची म्हणून तशीच परतले. किल्ला चढलेच नाही. घरी येऊन ‘१४४३ चे हे तट’ असं लिहिलं, छापूनही आलं. चूक कळल्यावर दुरुस्ती पाठवली नाही. हाताशी एकच दिवस होता, जपानी वाचता येत नव्हतं, हे सगळं खरं. पण चढायला कितीसा वेळ लागला असता! तेव्हापासून स्वतः तट पाहिल्याशिवाय एकाही किल्ल्यावर लिहिलं नाही. त्यापायी दोन कामं हातची गेली, लोक हेकट म्हणाले. माझंच बरोबर होतं, आजही तेच वाटतं.

हिरोहिदे तुला आवडतो, मलाही. कोरियातून कैदी म्हणून आणलेला विद्वान कांग हांग आणि जपानी विद्वान फुजिवारा सेइका यांना त्याने आधार दिला, लढायांच्या धामधुमीत कन्फ्यूशियसपंथी ग्रंथ लिहून घ्यायला मदत केली. १६०० मध्ये तो आधी तोकुगावा इएयासूविरुद्धच्या पश्चिमेच्या फौजेत होता, सेकिगाहाराच्या लढाईत ती हरल्यावर बाजू बदलून तोत्तोरीवर चालून गेला. तिथली वस्ती जळाली, ठपका त्याच्यावर आला, इएयासूच्या हुकमावरून त्याला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. त्या चढाईतला दुसरा सरदार कामेइ कोरेनोरी याने दोष त्याच्यावर ढकलला, असं मानणारे आहेत. तू तर त्याला प्रस्तावनेतच निर्दोष सोडलंस! घाई कसली, बाई?

दगड यावर काही बोलत नाहीत. पण ते दुसरं सांगतात. बावीस हजार कोकूंच्या (कोकू म्हणजे जहागिरीचं उत्पन्न मोजायचं तांदळाचं माप) सरदाराला एवढा तट एकट्याने झेपेल का? माझ्या मते नाही. यामागे तेव्हा जपानवर सत्ता असलेल्या हिदेयोशीचं बळ असणार. इकुनोची चांदीची खाण तिथून जवळच आहे, तिच्यासाठी त्याला हा किल्ला मजबूत हवा असेल. आणि किल्ला १६०० मध्येच ओस पडला, म्हणजे पुढच्या एदो काळातल्या (तोकुगावांच्या राजवटीतल्या) कुणा सरदाराने त्यावर नवी बांधणी चढवली नाही. किती मोठी सोय आहे ही तुला! हा धागा धर.

निकाल नंतर लिही. आधी कोपऱ्यांची रेखाटनं पाठव, तटाजवळ जाऊ नये म्हणून बांधलेल्या दोरीच्या अलीकडूनच काढलेली. धुकं विरल्यावर, ऊन तिरपं असतानाच बस, सांधे तेव्हा स्पष्ट दिसतात.