अल्बेंडाझोल पाजूनही कोकरं पांढरी पडतायत? कंपनी बदलू नका, लेंडी तपासा

दादा, तुम्ही लिहिलंय की चिकोडीकडं चाळीसेक मेंढरं न् थोड्या शेळ्या आहेत, पावसाळ्यात दर महिन्याला सगळ्यांना अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं, तरी कोकरं खंगतायत, जबड्याखाली पाणी उतरतंय; आता दुसऱ्या कंपनीचं आणू का? नका आणू. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. फेनबेंडाझोलसुद्धा त्याच गटातलं. अल्बेंडाझोलला न जुमानणारा जंत बहुधा त्यालाही जुमानत नाही.

जुलाब फारसे नसताना पापणी आतून पांढरी आणि जबड्याखाली सूज असेल तर माझा पहिला संशय हिमॉन्कसवर. हा चौथ्या पोटात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली, हजार जंत असले तर ५० मिली रक्त रोज गेलं. कोकरानं ते कुठून भरून काढायचं? पण मेंढरं दूधगंगेच्या काठाला किंवा कालव्याच्या ओलीत चरत असतील तर यकृतातल्या चपट्या जंतानंही अशीच सूज येते, आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून अंदाजानं पाजू नका.

दहा-पंधरा जनावरांच्या ताज्या लेंड्या, जमिनीवरच्या नव्हे, थेट गुदद्वारातून घेऊन वेगवेगळ्या पिशव्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. त्याच दिवशी त्यांना अल्बेंडाझोल पाजा आणि १४ दिवसांनी त्याच जनावरांच्या लेंड्या पुन्हा द्या. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून कमी घटली तर औषधाची ताकद गेली असं धरायचं. मात्र आधी डोस बरोबर होता का ते बघा. वजन नजरेनं ठरवू नका, काटा लावा. शेळीच्या अंगातून हे औषध लवकर निघून जातं, मेंढीचा डोस तिला पुरत नाही. किती वाढवायचा ते डॉक्टरांनाच विचारा, कारण लेव्हामिसोलसारखं औषध थोडं जास्त झालं तरी विषबाधा होते. आणि नुकत्याच गाभण गेलेल्या मेंढीला अल्बेंडाझोल नकोच.

इथून पुढं सरसकट पाजणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. जनावर उन्हात उभं करून वरच्या पापणीवरून अंगठ्यानं डोळा हलका दाबा, खालची पापणी ओढा, आतला रंग बघा. लाल असेल त्याला सोडा, फिकट-पांढरा असेल त्यालाच पाजा. न पाजलेल्या धडधाकट जनावरांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात, त्यांची अंडी गवतावर मिसळतात, आणि चिवट जंतांचं एकट्याचं राज्य होत नाही. याच कारणानं, पाजल्या पाजल्या सगळा कळप कोऱ्या रानात नेऊ नका. तिथं वाचलेल्या चिवट जंतांचीच अंडी पडतील.

बाजारातून आणलेलं जनावर थेट वाड्यात सोडू नका. डॉक्टर सांगतील ती दोन वेगळ्या गटांतली औषधं देऊन दोन दिवस वेगळं बांधा.

आत्ता जी कोकरं पार पांढरी आहेत त्यांना लांब चालवू नका. सावलीत ठेवा, थोडी पेंड चालू करा आणि तपासणीच्या निकालाची वाट न बघता आजच डॉक्टरांना दाखवा. वेगळ्या गटातलं औषध त्यांना लगेच लागेल.